माळ्यावरचा गुरगुऱ्या

धाकट्या जाऊबाई खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या होत्या आणि पर्स मांडीवर होती, म्हणजे अजून काहीच ठरलेलं नव्हतं. या घराण्यात माणूस होकाराकडे झुकतोय की नकाराकडे, हे तो काय बोलतो यावरून कधीच कळत नसे. खुर्चीचा किती भाग वापरतो, यावरून थोडंफार कळे.

थोरलीचं सकाळपासून दोनदा विचारून झालं होतं. भाडेकरू गेला, खालचा मजला रिकामा आहे, भिंतींना रंग दिलाय, तू ये राहायला. धाकटीने दोन्ही वेळा "नको हो वहिनी, कशाला उगीच" म्हटलं. यात वावगं काहीच नव्हतं. या घरात पहिला नकार म्हणजे नमस्कार. दुसरा नकार म्हणजे पहिला मनापासून नव्हता याची कबुली. खरी बोलणी तिसऱ्या खेपेला सुरू व्हायची. अडचण एवढीच होती, की थोरलीचा मुलगा दातांचा डॉक्टर होता आणि समोरच्याने नको म्हणून तोंड मिटलं की विषय संपतो, हे त्याला धंद्याने शिकवलं होतं.

"काकू नको म्हणतायत ना, आई," तो म्हणाला. "मग झालं तर. तू आमच्याकडे चल. दलाल संध्याकाळी येतोच आहे, घराचं काय ते सांगून टाकू."

थोरलीने त्याच्याकडे पाहिलं. मुलगा गुणी होता, प्रेमळ होता. त्याच्या घरी ती मागच्या हिवाळ्यात राहून आली होती. तिथे तिला कुणी कपबशीही विसळू दिली नाही. "आई, तुम्ही बसा" हे वाक्य तिने इतक्यांदा ऐकलं, की परत येईपर्यंत तिला उठायचं कसं याचा सराव करावा लागला. तिने एकटीने या वरच्या मजल्यावर राहावं, याला मुलगा तयार नव्हता, आणि मागच्या पडण्यानंतर खरं तर तीही नव्हती. धाकटी खाली आली तरच हे घर राहणार होतं. आणि हे ती धाकटीला तोंड उघडून सांगणार नव्हती, कारण सांगितलं असतं तर ती विनवणी झाली असती, आणि विनवणीला या घरात चौथ्या खेपेआधी परवानगी नव्हती.

"तू आधी न्हाणीघरावरच्या माळ्यावरून घडीची कॉट काढ," ती मुलाला म्हणाली. "काकू दुपारी जरा आडवी होईल."

"नको हो, मी कुठे..." धाकटी म्हणाली.

"काढ," थोरली म्हणाली. ज्या घरात माणूस दुपारचा झोपतो, त्या घराला नाही म्हणणं अवघड जातं, हा तिचा हिशेब होता.

*

सुनेने स्टूल धरलं. ती विमा कंपनीत दावे तपासायची. लोकांची जळालेली गोदामं पाहायची आणि ती आग लागण्याआधीच रिकामी होती का, हे सांगायचं, असा तिचा पेशा. माणसांवर तिचा विश्वास कमी होता, पण राग नव्हता. काकूंनी खाली राहायला यावं असं तिला मनापासून वाटत होतं. सासूबाईंवर तिचं प्रेम होतं, आणि ते टिकायचं तर मध्ये एखादं शहर असलेलं बरं, असं तिचं प्रामाणिक मत होतं. नवऱ्याला हे तिने सांगितलं नव्हतं. तो दातांपलीकडचं मुळापासून काही ऐकून घेत नसे.

"कॉट दिसतेय का?"

"गाद्याच गाद्या आहेत," वरून आवाज आला. "कापसाच्या. या कधीच्या?"

"तुमच्या घरात माळ्यावरून कधी कुणी काही काढलंय का?"

प्रश्न रास्त होता. माळा ही या घरात ठेवण्याची जागा होती, काढण्याची नव्हे. खाली फोमच्या गाद्या आल्या तेव्हा कापसाच्या वर गेल्या, आणि त्यांची गाठ पुन्हा पडेल असं कुणाच्या मनातही आलं नाही.

मग वरची खुडबुड एकदम थांबली.

"अहो? काय झालं?"

"इकडे गुरगुऱ्या आहे," डॉक्टर म्हणाला. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

सुनेने स्टूल आणखी घट्ट धरलं. लग्न होऊन ती या घरात आली त्याला बरीच वर्षं झाली होती, आणि गुरगुऱ्याबद्दल ऐकलं नाही असं एकही वर्ष गेलं नव्हतं. सासरेबुवांच्या, म्हणजे नानांच्या आईला तिच्या जहाजावरच्या भावाने परदेशातून आणून दिलेला उभा व्हॅक्यूम क्लीनर. म्हातारी गेल्यावर तो नानांच्या धाकट्या भावाने, म्हणजे काकूंच्या यजमानांनी, खालच्या मजल्यावरच्या भाऊंनी, गुपचूप नेला. "मागितला असता तर दिला नसता का?" हे नानांचं वाक्य तिला पाठ होतं. त्या एका वाक्यावर दोन मजल्यांमधला चहा बंद झाला, मग बोलणं बंद झालं, मग भाऊंनी दुसरीकडे भाड्याने घर घेतलं. आता नाना नव्हते, भाऊ नव्हते. चोरीचा माल मात्र इथे होता, फिर्यादीच्याच माळ्यावर.

"खाली घ्या," ती हळूच म्हणाली. "आणि आवाज करू नका. काकू बाहेर आहेत."

डॉक्टरने तो एखाद्या झोपलेल्या नातेवाइकाला उतरवावं तसा उतरवला. लांब दांडा, दांड्याला लटकलेली काळपट कापडी पिशवी, खाली बैठ्या बेडकासारखं लोखंडी डोकं, त्यावर हिरवा रंग आणि पुढच्या बाजूला चक्क एक दिवा.

"दिवा कशाला?" सुनेने विचारलं. सासूची, काकूची, घराची काळजी क्षणभर कुठल्या कुठे गेली.

"पलंगाखाली दिसायला. आजी दिवा लावून पलंगाखाली घालायची हा. आम्ही दुसऱ्या बाजूने पालथे पडून बघायचो. आगगाडी येतेय असं वाटायचं." डॉक्टर गुडघ्यांवर बसला होता. "हे बघ, इथे पाय दिला की..." त्याने मागची कळ दाबली. दांडा खट्‌ करून आडवा झाला. "अजून चालतंय! वजन बघ याचं. आपल्याकडचं ते गोल यंत्र बघ, सोफ्याखाली अडकतं आणि मदतीला हाका मारतं. याने कुणाला हाक मारली असेल असं वाटतं तुला?"

"पण हा इथे आला कसा?"

"थांब, तोंड बघू दे." डॉक्टरने यंत्र उताणं केलं, मोबाइलचा उजेड पाडला आणि सवयीने मान तिरकी केली. "ब्रश शाबूत आहे. केस गुंडाळलेत. हा रबरी पट्टा मोटरवरून ब्रशला फिरवतो... कडक झालाय, पण तुटला नाहीये. छान. फारच छान."

"अहो, तो दुखतंय का ते सांगणार नाहीये. कसा आला ते सांगा. नानांनी ठेवला?"

"नाना कसे ठेवतील? नाना तर..." तो थांबला.

दारात काकूंची मुलगी उभी होती. ती औषधांच्या दुकानात होती, तिची बदली लांबच्या शहरात झाली होती आणि आईला एकटं कुठे ठेवायचं या प्रश्नाने तिची झोप उडाली होती. आईने खालच्या मजल्यावर यावं, असं तिलाही वाटत होतं. फक्त या माणसांचा भरवसा तिला वाटत नव्हता. ती पाणी न्यायला आत आली होती.

"हाच का तो?" तिने विचारलं.

सून उठून तिच्यासमोर उभी राहिली. "काही नाही गं. जुनं सामान."

"वहिनी, मी दिवसभर लोकांना गोळ्या देते. कोण काय लपवतंय ते कळतं मला." ती खाली वाकली. "हाच ना? ज्याच्यापायी आपण एकमेकांच्या लग्नाला गेलो नाही?"

डॉक्टर तोंड उघडायच्या आत बायकोने त्याच्या पायावर पाय दिला, पण तो मुळात तोंड उघडणाऱ्यांच्याच व्यवसायातला. "आता तूच सांग," तो म्हणाला. "काकांनी नेला होता ना? मग आमच्याकडे कसा?"

"बाबांनी नेला होता?" ती सावकाश म्हणाली. "चोरून?"

"न सांगता," डॉक्टरने सौम्य केलं.

"दादा, आमच्या घरात याचं नाव जरी निघालं तरी बाबा एवढंच म्हणायचे, 'त्यांना विचार. त्यांना तोंड असेल तर बोलतील.' मला वाटायचं, तुम्ही आमचं काही घेतलंय."

तिघंही यंत्राकडे पाहू लागली, जणू आता तेच बोलणार होतं. भांडणाला दोन बाजू असतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण दोन्ही बाजूंना आपणच लुबाडले गेलोत असं वाटत होतं, आणि लुटीचा माल एकच, आणि तोही न वापरलेला, ही माहिती नवी होती.

सुनेतली तपासनीस जागी झाली. "हात लावू नका कुणी. अहो, गाद्यांच्या पुढे होता की मागे?"

"मागे. भिंतीला टेकून. गाद्या पुढे नीट रचलेल्या, त्यांच्यावर धूळ अख्खी होती."

"म्हणजे कुणीतरी गाद्या सरकवून, मागे ठेवून, पुन्हा गाद्या लावल्या. चोर असं करत नाही. चोराला वस्तू परत हवी असते."

"वायर बघ," औषधवाली एकदम म्हणाली. तिचा आवाज बदलला होता.

दांड्यावरच्या दोन आकड्यांना कापडी वेष्टनाची वायर गुंडाळलेली होती. साधी गोल गोल नाही. एकदा इकडून, एकदा तिकडून, मध्ये फुली पडेल अशी. आणि शेवटचं टोक त्याच फुलीखाली खोचलेलं.

"बाबा टेलिफोनच्या खांबांवर काम करायचे," ती म्हणाली. "वायर अशीच गुंडाळायचे. म्हणजे पीळ बसत नाही. माझ्या वेण्यांच्या रिबिनीसुद्धा अशाच ठेवायचे. हे बाबांनी गुंडाळलंय."

अशा वेळी शहाण्या माणसांनी काय करावं हे उघड आहे: दोन्ही बायकांना एकत्र बसवून शांतपणे विचारावं. किंवा यंत्र परत वर टाकावं, काकूंचा होकार मिळवावा आणि मग विचारावं. सुनेने हाच दुसरा मार्ग सुचवला आणि औषधवालीने मान डोलावली; इतक्या वर्षांत दोन्ही घरांचं प्रथमच एकमत झालं.

"हो, हो," डॉक्टर म्हणाला. "फक्त चालतो का, तेवढं बघतो."

आणि त्याने पिन भिंतीत खुपसली.

*

धाकटी बाहेर एकटीच बसली होती. थोरली कॉटवर घालायला चादर शोधत होती. धाकटी समोरच्या भिंतीकडे पाहत विचार करत होती की तिसऱ्यांदा विचारलं नाही तर काय करायचं. न विचारता हो म्हणणं शक्यच नव्हतं. मुलगी पुढच्या महिन्यात जाणार. भाड्याच्या घरात तिच्याशी बोलणारं आता एक घड्याळ, आणि तेही मागे पडणारं.

तेवढ्यात आतून तो आवाज आला. आधी घसा खाकरल्यासारखा, मग खोल, छातीतून निघाल्यासारखी गुरगुर, आणि तिच्यावर चढत गेलेली एक लांब शीळ.

धाकटी उठली. पर्स खाली पडली, ती तिने उचलली नाही.

आतल्या खोलीत कापडी पिशवी, झोपेतला माणूस उठून बसावा तशी, ताठ फुगली होती. दिवा लागला होता. तापलेल्या धुळीचा वास सुटला होता. डॉक्टरचा दांडा धरून सतरंजीवरून एक पट्टा मारून झाला होता आणि त्या पट्ट्यात सतरंजीचा लाल रंग दिसत होता, जो लाल आहे हे घरात कुणाला आठवत नव्हतं. तिघांच्याही चेहऱ्यावर भलतंच समाधान होतं. मग त्यांना दारातली काकू दिसली. आणि तिच्या मागे चादर घेऊन उभी राहिलेली थोरली.

डॉक्टरने बटण बंद केलं. गुरगुर हळूहळू उतरत गेली. पिशवी मिटली.

"म्हणजे वापरता तर," धाकटी म्हणाली.

"काय वापरतो?" थोरली यंत्राकडे पाहत होती. "हा कुठून आला? हा तर तुमच्याकडे होता."

"आमच्याकडे?"

"भाऊजींनी नेला होता ना. आम्ही लग्नाला गेलो होतो, परत आलो तर जिन्याच्या वळणावरून गायब. हे दारात उभे राहिले. म्हणाले, मी हजारदा घे म्हटलं तेव्हा नको, आणि आता पाठीमागे."

धाकटीने डॉक्टरच्या हातातल्या दांड्याला हात लावला. "वहिनी, आम्ही नेला नाही. आम्ही दिला."

"कधी?"

"तुम्ही लग्नाला गेलात तेव्हाच. किल्ली आमच्याकडेच होती. सासूबाई गेल्यावर हा जिन्याच्या वळणावर उभा होता, आठवतं ना? नाना म्हणायचे, भाऊ, तू घे. हे म्हणायचे, नाना, तुम्ही घ्या, तुम्ही थोरले. नाना खाली आणून ठेवायचे, हे वर नेऊन ठेवायचे. शेवटी हे म्हणाले, समोर दिला तर नाना परत आणतील. माळ्यावर गाद्यांमागे ठेवतो. गाद्या उन्हात घालायला काढतील तेव्हा सापडेल. तोवर परत करायला उशीर झालेला असेल."

"त्या गाद्या आम्ही काढल्याच नाहीत," थोरली म्हणाली. "त्याच्या आधीच फोमच्या आल्या होत्या."

"ते मला काय माहीत! आम्ही वाट बघत बसलो. आज म्हणतील, उद्या म्हणतील, भाऊ, सापडलं हो, कशाला एवढं. एक शब्द नाही. उलट नाना जिन्यात मान फिरवायला लागले. हे म्हणाले, घेतलं ते घेतलं, वर आभार तर सोडाच, ओळखही नाही."

"अगं, पण सांगायचं होतंस ना! एका शब्दाने!"

"दिलेलं बोलून दाखवायचं? आमच्याकडे नाही तशी पद्धत."

"आणि आमच्याकडे गेलेलं मागायची नाही." थोरली कॉटच नसल्यामुळे पलंगावर बसली. "मला तर रविवारी खालून आवाज यायचा याचा. शपथेवर सांगितलं असतं मी."

"तो मिक्सर होता. आणि मी वरचा आवाज ऐकायला कान लावून बसायचे. एकदाही आला नाही. हे म्हणायचे, वापरतसुद्धा नाहीत, बघ. आपलं देणंही त्यांना चालत नाही."

औषधवालीला हसू फुटलं आणि ते मध्येच भलतीकडे गेलं. तिने तोंड भिंतीकडे केलं. सुनेने तिच्या खांद्यावर हात ठेवला. दाव्यांच्या तपासात तिने लोभापायी झालेली पुष्कळ नुकसानं पाहिली होती. औदार्यापायी झालेलं एवढं मोठं नुकसान तिने पहिल्यांदाच पाहिलं, आणि त्याला कुठल्याही कंपनीकडे भरपाई नव्हती.

थोरली डोळे पुसून, घरमालकिणीच्या आवाजात म्हणाली, "बरं, झालं ते झालं. आता हा तू घे."

"छे हो. तुम्हाला दिलेला आहे."

"आम्ही घेतला कुठे? घेतलाच नाही तर तुमचाच."

"थोरल्या घरात शोभतो. मला काय करायचाय?"

"माझे गुडघे बघतेस ना? तू घे."

"यांच्या आत्म्याला काय वाटेल? तुम्हीच ठेवा."

"यांच्या आत्म्याला काय वाटेल?"

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. "परत सुरू झालं," औषधवाली पुटपुटली. डॉक्टरने यंत्राचा दांडा घट्ट धरला. वेळ आलीच तर तो स्वतःच्या गाडीत टाकून पळ काढायचा, असं त्याच्या मनात येऊन गेलं, आणि तसं केलं तर पुढचा चोर आपणच ठरू हेही लगेच दिसलं.

दाराची घंटा वाजली.

"दलाल," डॉक्टर म्हणाला. या वेळी मात्र तो उठला नाही. आयुष्यात पहिल्यांदा, मिटलेल्या तोंडाआत काहीतरी असू शकतं अशी शंका त्याला आली होती. "आई, त्याला काय सांगू?"

थोरली धाकटीकडे वळली.

"खालचा मजला रिकामा आहे," ती म्हणाली. "तू ये राहायला."

ही तिसरी खेप होती. सुनेला काकूंचा नकार ओठांवर येताना अक्षरशः दिसला. "नको हो वहिनी" मधला "न" उमटण्यासाठी जीभ वर गेली होती. इतक्या वर्षांची सवय होती ती. नाना आणि भाऊ त्या सवयीतच जगले आणि तिच्यातच एकमेकांना मुकले.

धाकटीने खाली पाहिलं. वायर सुटून फरशीवर पसरली होती. ती वाकली, टोक हातात घेतलं, पण तिने ती गुंडाळली नाही.

"येते," ती म्हणाली. "आणि हाही घेते."

हो म्हटल्यावर पुढे काय बोलायचं, याचा या घराण्यात पूर्वानुभव नव्हता. घंटा पुन्हा वाजली. "सांगतो मी त्याला," म्हणत डॉक्टर गेला आणि दारात त्याने कुणाला तरी इतक्या उत्साहाने परत पाठवलं, की तो माणूस जिना उतरतानाही काहीतरी विचारत होता.

थोरली मात्र अडचणीत होती. चौथ्या आणि पाचव्या खेपेसाठी तिने मुद्दे राखून ठेवले होते, आठवडाभर मनात घोळवून. ते असे वाया घालवणं तिच्या जिवावर आलं.

"अगं, पण खाली पाणीसुद्धा चांगल्या जोराने येतं," ती म्हणाली.

"मी हो म्हटलं ना."

"हो, पण जिने चढायला नकोत. मागचं दारही आहे. आणि आवाज अजिबात येत नाही रस्त्याचा."

धाकटीचा अर्धा संसार त्याच मजल्यावर झाला होता. नळाला पाणी किती येतं, मागचं दार पावसात कसं फुगतं, रस्त्याचा आवाज कुठल्या खिडकीतून येतो, हे तिला थोरलीपेक्षा जास्त ठाऊक होतं. ती पलंगावर, थोरलीच्या शेजारी बसली आणि शांतपणे ऐकत राहिली, मान डोलवत, मध्ये न बोलता. थोरलीचे मुद्दे संपले.

"स्वयंपाकघरात सकाळचं ऊन येतं," धाकटी म्हणाली. "ते राहिलं."